आस, आख आणि जीपचा पुढचा ॲक्सल

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली आपल्या ग्रंथाला 'गावगाडा' हे नाव दिले, तेव्हापासून मराठी अभ्यासकांनी गाड्याकडे प्रामुख्याने रूपक म्हणूनच पाहिले आहे. बलुतेदारीची चर्चा आपण वर्गात करतो; परंतु सुतार आणि लोहार त्या गाड्याचे नेमके काय करीत, हा प्रश्न विद्यार्थी सहसा विचारत नाहीत आणि शिक्षकही तो टाळतात. तुंबा, आरे, धाव, वंगण हे शब्द कोशात आहेत. त्यांमागची कृती मात्र घरापुढच्या अंगणात होती. चाक उतरवायचे, आस पुसायचा, झीज बोटाने चाचपायची, वंगण भरायचे. यंत्र घरी उघडण्याची आपली परंपरा तिथून सुरू होते.

'आस' आणि 'आख' ही दोन्ही रूपे संस्कृत 'अक्ष'वरून आली. इंग्रजी 'ॲक्सल'ही त्याच प्राचीन मुळाची फांदी आहे. तेव्हा तुळजापूरचा मिस्त्री 'ॲक्सल' म्हणतो, यात भाषेची फार मोठी हानी झाली असे आम्हांला वाटत नाही. वस्तू मात्र पार बदलली. बैलगाडीत आस स्थिर असतो आणि चाक फिरते. चारही चाकांना जोर देणाऱ्या जीपमध्ये पुढच्या ॲक्सलच्या पोटात दांडा फिरतो, तो चाकाला फिरवतो आणि तेच चाक डावी-उजवीकडे वळतेही. फिरणे आणि वळणे ही दोन कामे एकाच जागी कशी साधायची, हा या यंत्रातील खरा पेच.

अमेरिकन सैन्यासाठी १९४० साली बॅन्टम कंपनीने जो पहिला नमुना तयार केला, त्याचा आराखडा कार्ल प्रोब्स्ट यांचा होता. त्याचे ॲक्सल स्पायसर कंपनीने स्टुडबेकर मोटारीच्या ॲक्सलवरून बेतलेले होते. म्हणजे घरगुती मोटारीचा आस रणांगणावर गेला. पुढे विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या.

तुळजापूर तालुक्याने चाकांवर चालून येणारे सैन्य पाहिले ते १३ सप्टेंबर १९४८ रोजी. सोलापूरच्या बाजूने भारतीय फौजा निजामाच्या हद्दीत शिरल्या. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरील पूल शाबूत हाती आला. दुसरी तुकडी तुळजापुरावर गेली. तेथे निजामी पायदळाने आणि रझाकारांनी सुमारे दोन तास प्रतिकार केला. पुढे लोहाऱ्याच्या वाटेवर नदीच्या पुराने सैन्याला अडवले. त्या काळी सैन्याची हलकी धावपळ जीपवरच चाले. मुक्तिसंग्रामाविषयी मराठवाड्यात पुष्कळ लिहिले गेले. रणगाडे, बंदुका, रझाकारांचे अत्याचार त्यात आहेत. काळ्या मातीच्या चिखलातून ही वाहने कशी निघाली असतील आणि रात्री त्यांचे हब कोणी उघडले असतील, याविषयी आमच्या वाचनात काही आलेले नाही.

त्याच वर्षी जीप आणखी एका कारणाने गाजली. लंडनमधील उच्चायुक्त कृष्ण मेनन यांच्या काळात दुरुस्त केलेल्या जुन्या जीप विकत घेण्याचा करार झाला. त्यांपैकी १५५ भारतात उतरल्या आणि सैन्याने त्या निकामी ठरवल्या. कागदावर 'दुरुस्त' असे लिहिलेले होते. इतिहासाचे विद्यार्थी या प्रकरणात करार आणि संसदेतील वादविवाद वाचतात, ते योग्यच आहे. परंतु कागद खोटा ठरला तो कोणीतरी गाडी तपासली म्हणूनच.

१९४५ साली 'महिंद्र अँड मोहम्मद' म्हणून सुरू झालेली कंपनी, भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाल्यावर, १९४८ मध्ये 'महिंद्र अँड महिंद्र' झाली. तिने विलिस जीपचे सुटे भाग आणून माझगावात जोडणी सुरू केली. आपल्याकडे जीप आली ती आधी सुट्या भागांच्या रूपात, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुढे सरकारी खात्यांच्या आणि सैन्याच्या लिलावांतून अशा गाड्या खाजगी अंगणांत पोहोचल्या.

तिथे पुढचा ॲक्सल उघडला जातो तो असा. गाडी उचलून भक्कम ओंडक्यांवर टेकवतात. चाक, हब, ड्रम काढले की चाकाकडचा दांडा बाहेर ओढता येतो. वळणाच्या जागी एक पोकळ गोल कवच असते, आत ग्रीस. वर-खाली किंगपिन आणि त्याच्या टोपीखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या. मधल्या गोळ्यातील डिफरेन्शिअल काढण्यापूर्वी बेअरिंगच्या टोप्यांवर खूण करावी लागते, कारण डावी टोपी डावीकडेच बसली पाहिजे.

सर्वांत रोचक आहे तो दांड्यातील सांधा. साधा फुलीचा सांधा वाकला की एका फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त होतो आणि स्टिअरिंगला हिसके बसतात. १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये 'ट्रॅक्टा' आणि अमेरिकेत आल्फ्रेड रझेप्पा यांचा सहा गोळ्यांचा सांधा निघाला, तो या दोषावरील उपाय म्हणून. युद्धकाळी मागणी इतकी वाढली की एकाच नमुन्याच्या जीपमध्ये ट्रॅक्टा, रझेप्पा, बेन्डिक्स आणि स्पायसर असे चार प्रकारचे सांधे बसवले गेले. पोथ्यांच्या पाठभेदांवर आयुष्य घालवणाऱ्यांना यात आपलेच शास्त्र दिसावे. बाहेरून प्रत एकच, उघडल्यावाचून पाठ कळत नाही. आणि पाठ न ओळखता ओढाताण केली, तर बेन्डिक्सच्या गोळ्या खाचांतून सुटून अंगणभर होतात.

काळी-पिवळी म्हणून धावलेल्या बहुतेक जीपना पुढून जोर देणारा ॲक्सल नव्हताच, त्यामुळे ही विद्या आधीपासूनच थोड्या हातांत होती. शिमच्या चकत्या कोणत्या टोपीखालून आणि कोणत्या क्रमाने निघाल्या हे विसरू नये म्हणून त्या तारेत ओवून ठेवतात. असा तारेचा वेढा पाहिला, तर तो उलगडू नये.