शेजारच्या झाडाची फांदी आपल्या पत्र्यावर आली तर? कुऱ्हाड उचलण्याआधी हे वाचा

पावसाळा तोंडावर आला की गावोगावी हे भांडण ठरलेलेच. शेजारच्या अंगणातला कडुनिंब आपल्या पत्र्यावर टेकतो, वारा सुटला की रात्रभर पत्रा वाजतो. शेतात बांधावरच्या बाभळीच्या सावलीत कपाशीच्या दोन-चार ओळी खुरटतात. ‘तुझं झाड, तूच तोड’ इथून सुरू झालेला वाद मग पोलीस ठाण्यात जातो.

कायदा तसा सरळ आहे. फांदी आपल्या हद्दीत जेवढी आली तेवढीच, आपल्याच जागेत उभे राहून कापता येते. इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने १८९४ मध्ये लेमन विरुद्ध वेब या खटल्यात हे ठरवले आणि आपल्याकडची न्यायालयेही हेच तत्त्व मानतात. फांदी वीस वर्षांपासून तशीच आहे म्हणून झाडमालकाला तिचा हक्क मिळत नाही. पण तोडलेले लाकूड आणि फांदीवरचे आंबे, शेंगा झाडमालकाच्याच. लाकूड परस्पर चुलीत घातले तर उलटी तक्रार तुमच्यावरच येते. बुंध्याची साल काढणे, मुळात ॲसिड ओतणे हे प्रकार तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ खाली नुकसानीचा गुन्हा ठरू शकतात.

झाड कोणते, हेही बघा. आंबा, चिंच, मोह, जांभूळ, साग, खैर, अंजन ही झाडे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत. त्यांना हात लावण्याआधी तलाठी किंवा वनविभागाकडे विचारलेले बरे. धुळे, जळगाव महापालिका किंवा अमळनेर, शिरपूरसारख्या नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा आहे. तिथे फांदी छाटायलाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते.

शेतातली खरी अडचण वेगळीच असते. झाड नेमके कोणाच्या गटात, हेच ठरलेले नसते. बांध दरवर्षी नांगराने इकडे-तिकडे सरकतो आणि दोघेही झाड आपले म्हणतात. अशा वेळी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा, मोजणी होईपर्यंत फांदी राहू द्या. ई-पीक पाहणी ॲपमध्ये बांधावरची झाडे नोंदवायची सोय आहे. बहुतेक जण पीक नोंदवतात आणि झाडे सोडून देतात, मग वादात दाखवायला कागद नसतो.

आधी बोलून बघा. ‘नाना, तुमनी फांदी मना पत्रावर यी ऱ्हायनी’ एवढे सांगितले तरी बरेचदा नाना स्वतः माणूस लावून छाटून देतात. ऐकलेच नाही तर फोटो काढून ठेवा, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. गावात तंटामुक्ती समिती चालू असेल तर तिथे जा. ही मोहीम १५ ऑगस्ट २००७ पासून अशाच वादांसाठी आहे. त्यापुढे तालुका विधी सेवा समिती. १५१०० या नंबरवर कायद्याचा सल्ला मोफत मिळतो. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याएवढीच किंमत असते, त्यावर अपील नाही.

फांदी विजेच्या तारेला टेकत असेल तर मात्र ना तुम्ही चढा, ना शेजाऱ्याला चढवा. महावितरणला १९१२ वर कळवा आणि लाइन बंद झाल्याशिवाय झाडाखाली जाऊ नका.