दिव्यांग क्रीडा-साहाय्य व्यवसाय (परभणी जिल्हा)

दिव्यांगांना खेळता व व्यायाम करता यावा यासाठी झटणारे प्रशिक्षक, फिजिओथेरपिस्ट, कृत्रिम अवयव बनवणारे तंत्रज्ञ, वर्गीकरण करणारे तज्ज्ञ आणि गाईड यांचे व्यवसाय. परभणीसारख्या जिल्ह्यात हे काम बहुधा या नावाने ओळखले जात नाही. विशेष शाळेतल्या शिक्षकाच्या, नाहीतर काळजीवाहकाच्या अंगावर ते येऊन पडते. 3 डिसेंबरचा जागतिक दिव्यांग दिन जवळ आला, की मुलांना मैदानावर उतरवतो तो हाच माणूस.

शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील भाग्यश्री जाधव एफ34 गटात गोळा फेकतात. 2024 च्या पॅरिस पॅरालिंपिकच्या उद्घाटनात भालाफेकपटू सुमित अंतिल यांच्यासह तिरंगा त्यांच्या हाती होता. या गटात गोळाफेक बसून होते. आसनाची उंची गादीसकट 75 सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. फेकताना खेळाडू आसनावरून उचलला गेला, तर फेक बाद. त्यामुळे पट्टे कुठे नि किती आवळायचे, हे ठरवण्यातच निम्मे प्रशिक्षण जाते.

असे गट ठरवणाऱ्या वर्गीकरणाबाबत पालकांचा नेहमी गोंधळ होतो. दिव्यांगत्वाच्या दाखल्यावरचे 40 किंवा 60 टक्के सवलतींसाठी असतात. मैदानावर पाहिले जाते ते त्या खेळापुरते शरीर काय करू शकते एवढेच, आणि ते तपासायला वैद्यकीय व क्रीडातज्ज्ञ लागतात. कर्णबधिर धावपटूंसाठी पिस्तुलाच्या आवाजाऐवजी दिव्याने इशारा देतात. त्यांच्या डेफलिंपिक स्पर्धाही वेगळ्या.

विशेष शिक्षकाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, क्रीडाशिक्षकाला बी.पी.एड. दोन्ही असलेला माणूस विरळा, आणि खरी गरज त्याचीच आहे. कृत्रिम अवयवांचे शिक्षण मुंबईत हाजी अली येथील 1955 साली स्थापन झालेल्या केंद्रीय पुनर्वसन संस्थेत मिळते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 30 ने खेळातील सहभागाची सोय करणे ही शासनाची जबाबदारी ठरवली. महाराष्ट्राने डिसेंबर 2022 मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही काढला. पदे भरली जातील तेव्हा खरे.

दृष्टिहीनांच्या शर्यतीत गाईड दोरीने धावपटूशी जोडलेला असतो. पॅरिसला 200 मीटरमध्ये सिमरन शर्मा यांना कांस्य मिळाले, तेव्हा गाईड अभय सिंह यांच्याही गळ्यात पदक पडले. आसनाचे पट्टे आवळणाऱ्याला पदक नसते.