हैदराबाद
तेलंगणाची राजधानी. मुहम्मद कुली कुतुबशाहाने मुसी नदीकाठी १५९१ मध्ये वसवली. मराठी कागदपत्रांतले भागानगर हेच. दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, १६७७ मध्ये, शिवाजी महाराज येथे अबुल हसन कुतुबशाहाला भेटले. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असल्याने तेलुगू, दखनी उर्दू व कन्नडबरोबर मराठीही येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. गोवळकोंडा किल्ल्याच्या प्रवेशद्वाराशी वाजवलेली टाळी माथ्यावरच्या बालाहिसारपर्यंत पोचते. ध्वनीची इतकी सूक्ष्म जाण क्वचितच कुठल्या किल्ल्याच्या बांधणीत दिसते. सालारजंग संग्रहालयातील शिल्पकार बेन्झोनीने घडवलेल्या रेबेकाच्या शिल्पात संगमरवराचा बुरखा झिरझिरीत भासतो. मक्का मशीद, चौमहल्ला राजवाडा, हुसेनसागर हीही प्रेक्षणीय स्थळे. चारमिनारलगतचा लाडबाजार लाखेच्या बांगड्यांसाठी प्रसिद्ध आहे.