साउथपॉ : दक्षिणेचा पंजा

अमेरिकन बोलीत डावखुऱ्याला ‘साउथपॉ’ म्हणतात. शब्दशः, दक्षिणेचा पंजा. बेसबॉलवाले याचं कारण झटकन सांगतात. दुपारचं ऊन बॅटरच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून तो पूर्वेकडे तोंड करेल अशी मैदानं आखली जायची. मग समोरून पश्चिमेकडे पाहणाऱ्या पिचरचा डावा हात आपोआप दक्षिणेला! श्रेय जातं १८८०च्या दशकातल्या शिकागोच्या पत्रकारांना.

गोष्ट इतकी चपखल की माझ्यातल्या इंजिनिअरला संशय आलाच. टाइमस्टँप जुळत नाहीत. १८४८च्या एका राजकीय व्यंगचित्रात हा शब्द ठोशासाठी आलाय. १८५८मध्ये न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राने तो बेसबॉल खेळाडूला लावला, पण पिचरला नव्हे. म्हणजे शब्द आधीचा, गोष्ट मागाहून चिकटवलेली.

बॉक्सिंगमध्ये उजवा हात आणि उजवा पाय पुढे ठेवून लढणारा तो साउथपॉ : मार्विन हॅगलर, मॅनी पॅकियाओ. ‘रॉकी’ (१९७६) सिनेमातला रॉकी तर तिसरीच व्युत्पत्ती ऐकवतो, फिलाडेल्फिया आणि न्यू जर्सीची!

मला दिशेपेक्षा ‘पॉ’ जास्त खटकतो. उजव्याला हात, डाव्याला जनावराचा पंजा. अमेरिकनांना हसावं, तर आपल्या ‘डावखुरा’तही खूर दिसतोच की.