परतीचे भाडे

दर्यापार गेलेल्या माणसाने घरी किती पैसे पाठवले याचा हिशेब आपल्याकडे आवडीने होतो. त्याच्या प्रकृतीचा हिशेब कोणी ठेवला हे पाहू गेले, तर मात्र बरेच मागे जावे लागते. परदेशी राहणाऱ्या हिंदी माणसाने मायदेशात आरोग्यविमा काढावा काय, हा प्रश्न आजचा वाटतो. त्याचे मूळ मला मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत सापडते.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी कलकत्त्याहून निघालेल्या ‘ॲटलास’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. पुढे सुमारे साडेचार लाख माणसे या बेटावर गेली. मुंबई बंदरातून चढलेले आपले रत्नागिरीकडचे लोकही त्यांत होते. १८३७ च्या कायद्याने पाच वर्षांचा करार ठरवला, दर माणशी जागा किती आणि शिधा किती हे ठरवले आणि जहाजावर डॉक्टर असलाच पाहिजे असे बजावले. मजुरांच्या हालांचा बोभाटा झाल्यामुळे १८३९ मध्ये ही वाहतूक बंद पडली. १८४२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा बंदरावर संरक्षक अधिकारी आला आणि करार संपल्यावर परतीचे भाडे मिळण्याचा हक्कही आला.

डॉक्टर नेमण्यामागे भूतदया नव्हतीच असे मी म्हणत नाही. पण मळेवाल्याला धडधाकट हातपाय हवे होते, हे विसरून चालणार नाही. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर इस्पितळाच्या इमारतीचे अवशेष अजून आहेत. २००६ मध्ये त्या घाटाला जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला. इस्पितळ होते ते दारात, आत येणाऱ्यासाठी. मळ्यावर ‘दुहेरी कपात’ होती: एक दिवस गैरहजर राहिले की दोन दिवसांची मजुरी बुडे. आणि १८५० नंतरच्या थोड्याच वर्षांत तो परतीच्या भाड्याचा हक्कही काढून घेण्यात आला. माझ्या मते खरा घाव हाच. शरीर थकल्यावर आपल्या माणसांत जाऊन पडता येईल, एवढीच त्या भाड्याची हमी होती. त्या काळी गरिबाचा आरोग्यविमा म्हणतात तो हाच असावा.

गिरमिटाची भरती १९१७ मध्ये थांबली. १९२२ चा देशांतराचा कायदा आला, आणि आखातात तेलाचा पैसा खेळू लागल्यावर त्याच्या जागी १९८३ चा आला. यांतही लक्ष होते ते माणूस जाताना फसू नये याकडे. विमा सक्तीचा झाला तो २००३ च्या डिसेंबरात, ‘प्रवासी भारतीय विमा योजने’मुळे, तोही देशांतराची परवानगी लागणाऱ्या कामगारांपुरता. २०१७ च्या सुधारणेनंतर या योजनेत अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण होते, आणि हप्ता दोन वर्षांना २७५ व तीन वर्षांना ३७५ रुपये, वर कर. आजारासाठीही काही रक्कम होती. इतक्या थोड्या पैशांत इतके मिळावे हे चांगलेच. पण मुदत दोन-तीन वर्षांची! मधुमेह नि रक्तदाब काही कराराची मुदत पाहून येत नाहीत.

देशातला आरोग्यविमा निराळ्याच वाटेने वाढला. सरकारी विमा कंपन्यांनी १९८६ मध्ये ‘मेडिक्लेम’ आणला, तो हिंदुस्थानातील उपचारांपुरता. पॉलिसी घेण्यापूर्वी जडलेला आजार त्यात बसत नसे. पुढे हे बंधन सैल झाले आणि अशा आजारासाठी थांबण्याची मुदत आली. २०१३ च्या नियमांत ती जास्तीत जास्त ४८ महिने होती. ही वर्षे मोजायची ती इथल्या पॉलिसीच्या तारखेपासून. परदेशात मालकाने वर्षानुवर्षे विमा भरला असला, तरी त्यातला एक दिवसही इथे जमेस धरत नाहीत.

आमच्या गावचे एक गृहस्थ फिटर म्हणून आखातात सव्वीस वर्षे राहिले. २०१५ मध्ये साठी ओलांडून घरी आले ते मधुमेह घेऊनच. आल्याबरोबर त्यांनी विमा काढला, आजार लपवला नाही. चौदा महिन्यांनी पायाची जखम चिघळली आणि पाय घोट्यापासून काढावा लागला. कंपनीने नियमावर बोट ठेवले. तिचे म्हणणे कागदावर खरेही होते. कलमांची बाग गहाण पडली. तिकडे असताना हाच खर्च मालकाच्या विम्यातून झाला असता. सव्वीस वर्षांनी माणूस आपल्याच देशात कालचा पाहुणा ठरतो, हे मला त्या दिवशी कळले.

१ एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या नियमांनी ही मुदत जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणली, आणि पासष्टीनंतर विमा नाकारण्याचा वयाचा अडसरही काढला. पण म्हाताऱ्याला दार उघडले तरी हप्ता कंपनीनेच ठरवायचा! शिवाय तीन वर्षे म्हणजे म्हातारपणी थोडी नव्हेत.

त्या गृहस्थांचा मुलगा आता मस्कतला असतो. वय चौतीस, प्रकृती ठणठणीत. तिथल्या इस्पितळात कवडीचा उपयोग नसलेल्या इथल्या पॉलिसीचा हप्ता तो आपल्या एन.आर.ई. खात्यातून दर वर्षी न चुकता भरतो. त्याच्या खोलीतले सोबती त्याला हसतात. तो म्हणतो, “बाबांच्या पायाची किंमत तुम्हाला काय ठाऊक?” आणि पावती बॅगेत, पासपोर्टाशेजारी ठेवतो.