पाऊस अडवणारे छप्पर

मावळ आणि खेड तालुक्यांतल्या पॉलिहाऊसची हकिगत सांगायला बसले की सुरुवात बहुधा निर्यातीपासून होते. तळेगावचा गुलाब, चौदा फेब्रुवारी, विमानाने परदेशी गेलेल्या पेट्या, मग अनुदान, मग रंगीत ढोबळी मिरची. यातले काही खोटे नाही. पण याच हकिगतीचा दुसरा अर्धा भाग पानाच्या खालच्या अंगाला सापडतो, आणि तो क्वचितच लिहिला जातो. लाल कोळी पॉलिहाऊसमध्ये बाहेरून घुसला, असे आपण बोलतो. माझे म्हणणे असे की तो इथे पूर्वीपासून होता. त्याला आवर घालणाऱ्या दोन गोष्टी होत्या आणि त्या दोन्ही आपण छप्पर घालताना काढून घेतल्या. त्यामुळे कोळ्याचा प्रश्न औषधाचा होण्याआधी बांधकामाचा आणि पीकपद्धतीचा आहे, आणि पिंपरी-चिंचवड ते चाकण, तळेगाव या पट्ट्याच्या गेल्या तीसेक वर्षांच्या इतिहासात तो नीट वाचता येतो.

आधी नुकसान कसे होते ते पाहू. कोळी हा कीटक नव्हे. त्याला आठ पाय, पंख नाहीत, आणि मादी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. नावात लाल असले तरी ढोबळी किंवा काकडीच्या पानाखाली तो बहुतेकदा पिवळसर-हिरवा दिसतो, दोन्ही कुशींवर एकेक काळा ठिपका. विटकरी रंगाचेही असतात. दहापट मोठे दाखवणारे भिंग पानाच्या मधल्या शिरेलगत धरले तर मोत्यासारखी गोल अंडी, टाकलेल्या काती आणि हलणारी पिल्ले एकाच जागी सापडतात. मादी सुईसारखे मुखांग पेशीत खुपसते आणि हरितद्रव्यासकट आतला सगळा ऐवज शोषून घेते. मिनिटाला वीसेक पेशी अशा रिकाम्या होतात. वरून पाहणाऱ्याला फक्त पांढुरके बारीक ठिपके दिसतात. ते एकमेकांत मिसळले की पान पितळी पडते, वाळते, गळते. शेंड्याला जाळे दिसू लागेपर्यंत थांबलेल्या माणसाच्या हातून वेळ गेलेली असते. काकडीचा वेल यात फार झपाट्याने बसतो. ढोबळीचे झाड तग धरते, पण पाने गेली की फळ उघडे पडते, त्यावर उन्हाचे चट्टे उठतात, आणि लाल-पिवळ्या ढोबळीचा भाव तर सालीवरच ठरतो. ढोबळीवर आणखी एक, पिवळा कोळी असतो. तो शेंड्यात राहतो आणि पान खालच्या बाजूला वळवतो. फुलकिडे असतील तर पान वर वळते. घाईत हे तिन्ही एकच समजून फवारणी होते, आणि निम्मी फवारणी तिथेच वाया जाते.

आता तो पूर्वीचा आवर. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पूर्वेला येताना तो झपाट्याने उतरतो आणि चाकणपर्यंत हजाराच्या बराच खाली जातो. मावळाच्या पश्चिम भागात भात, पूर्वेकडे खेडच्या माळावर ज्वारी-बाजरी, कांदा, बटाटा. चाकणचा बाजार कांद्या-बटाट्यासाठीच नावाजलेला. वांगी, भेंडी, गवार ही भाजी विहिरीच्या आसऱ्याने. कोळी या भाज्यांवर तेव्हाही पडायचा, पण त्याला उकाडा आणि कोरडी हवा लागते. फेब्रुवारीनंतर तो वाढे, एप्रिल-मेमध्ये जोर धरी, आणि मृगाच्या सरी आल्या की धुऊन जाई. जोरदार पावसाने पानावरचे कोळी गळतात, दमट हवेत अंडी घालण्याचा वेग मंदावतो, कोळ्यांना मारणाऱ्या बुरशा बळावतात. पूर्वेकडे, जिथे पाऊस एवढा नाही, तिथे आवर घालण्याचे काम उन्हाळाच करी: विहिरीचे पाणी आटले की हिरवे पानच शिल्लक राहत नसे. म्हणजे एकीकडे पाऊस त्याला धुऊन काढी, दुसरीकडे दुष्काळ उपाशी ठेवी. शिवाय या सगळ्यात कोळ्यांना खाणारे कोळी, बारीक काळे ढालकिडे आणि शिकारी फुलकिडे आपापला वाटा उचलत.

पॉलिहाऊस इथे आले ते १९९१ नंतरच्या उदारीकरणाच्या लाटेत. पुणे परिसरात डच आणि इस्रायली तंत्रज्ञानाच्या आधाराने निर्यातीच्या फुलांचे प्रकल्प उभे राहिले. त्यांतले बरेच त्याच दशकाच्या अखेरीस अडचणीतही आले. पुढे एमआयडीसीने तळेगावजवळ पुष्पोद्यान वसवले. कारखान्यांसाठी भूखंड पाडणाऱ्या संस्थेने फुलांसाठी भूखंड पाडावेत, ही या पट्ट्याची खास तऱ्हा. तळेगाव दाभाड्यालाच राज्य कृषी पणन मंडळाचे उद्यानविद्या प्रशिक्षण केंद्र सुरू झाले, तेही डच सहकार्याने. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फलोत्पादन अभियान आले आणि संरक्षित शेतीला अनुदानाची सोय झाली. तेव्हा छप्पर कंपनीच्या हातून शेतकऱ्याच्या हाती आले: दहा गुंठे, वीस गुंठे, फार तर एकर. या छोट्या पॉलिहाऊसमध्ये जरबेरा आणि गुलाबाच्या जोडीने रंगीत ढोबळी आणि काकडी शिरली, कारण पुण्या-मुंबईची हॉटेले आणि मॉल त्यांना बारमाही गिऱ्हाईक होते. २०२० च्या टाळेबंदीत लग्ने आणि देवळे बंद पडून फुले फेकून द्यावी लागली, तेव्हा काहींनी भाजीचा आणखी विचार केला.

हॉलंडमध्ये काचघर बांधतात ते उष्णता धरून ठेवायला. मावळात प्लॅस्टिकचे छप्पर घातले ते मुख्यतः पाऊस अडवायला. पावसात गुलाबाची पाकळी डागळते आणि ढोबळीला बुरशीचे, जिवाणूंचे रोग घेरतात. हा हिशेब चुकीचा नव्हता. पण २०० मायक्रॉनच्या त्या कागदाने मावळचा पाऊस अडवला तेव्हा पान धुणाराही अडवला गेला. छपराखाली ठिबक आले, म्हणजे पाणी थेट मुळाशी आणि पान बारा महिने कोरडे. चासकमान, पवना या धरणांच्या पाण्याने आणि शेततळ्यांनी उन्हाळ्याची उपासमारही संपवली. ढोबळी लावणीपासून आठ-दहा महिने उभी राहते, गुलाब चार-पाच वर्षे. पावसाळा गेला, उन्हाळा गेला, आणि राहिला तो सलग कोरडा, ऊबदार, हिरवा ऋतू. तीस अंशांच्या आसपास अंड्यापासून प्रौढ व्हायला कोळ्याला आठ-दहा दिवस पुरतात, एक मादी शंभरेक अंडी घालते, आणि फलन न झालेल्या अंड्यांतून नर जन्मत असल्याने चुकून आत आलेली एकटी मादीसुद्धा वसाहत सुरू करू शकते. पडद्यालगत, दाराशी, जिथे हवा जास्त तापते त्या कोपऱ्यात तिची सुरुवात होते; पुढचा प्रवास तोडणी आणि बांधणी करणाऱ्या मजुरांच्या बाह्यांवरून.

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळे ठीक, पण आज मारा करणारी औषधे इतकी आहेत की पावसाची उणीव काय भासायची? या आक्षेपाला उत्तर द्यायला पिंपरीइतकी योग्य जागा नाही. १९५४ साली इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, आणि माणसांच्या पेनिसिलिनबरोबर पिकांची प्रतिजैविकेही याच कारखान्याने दिली. म. ज. तिरुमलाचार यांच्या चमूने शोधलेले ऑरिओफंगिन इथलेच, आणि कृषी सेवा केंद्राच्या फळीवर वर्षानुवर्षे दिसलेली स्ट्रेप्टोसायक्लीनची छोटी पुडी मूळची इथलीच. मातीतल्या सूक्ष्मजीवाकडून औषध घ्यायचे ही पिंपरीची विद्या. कोळ्यावरचे एक गाजलेले औषध, अबामेक्टिन, त्याच गोत्रातले आहे: जपानच्या मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून ते आले, आणि त्या संशोधनाला २०१५ चे नोबेल मिळाले. पण औषधांचा इतिहास कोळ्याच्या बाबतीत दिलासा देत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर सफरचंदाच्या बागांत डीडीटी मारले गेले आणि कोळ्यांचा उद्रेक झाला, कारण डीडीटीने त्यांचे शिकारी मेले आणि ते स्वतः राहिले. पुढे सिंथेटिक पायरेथ्रॉइडांनी तेच केले, आणि इमिडाक्लोप्रिडच्या वापरानंतर कोळी वाढल्याच्या नोंदी अनेक पिकांत आहेत. मावा-फुलकिड्यांसाठी केलेली फवारणी महिन्याभराने कोळ्याच्या रूपाने परत येते, ती अशी.

शिवाय प्रतिकारशक्ती. नराला गुणसूत्रांचा एकच संच असल्याने औषध पचवण्याचा गुण त्याच्यात झाकून राहत नाही. फवारणीने लगेच निवडला जातो. नव्वदांहून अधिक रसायनांना लाल कोळ्याने दाद न दिल्याच्या नोंदी जगात आहेत, आणि या बाबतीत दुसरा कोणताही संधिपाद प्राणी त्याच्या पुढे नाही. २०११ मध्ये त्याचा जनुकसंच उलगडला तेव्हा विषे पचवणारी जनुके त्यात भरघोस आढळली. डीडीटीपासूनच तयार होणारे डायकोफॉल एकेकाळी कोळ्यावरचे हुकमी औषध होते. २०१९ मध्ये ते स्टॉकहोम कराराच्या यादीत गेले. त्याआधीच प्रोपरगाइट, फेनाझाक्विन, स्पायरोमेसिफेन अशी दुसरी नावे आली होती. प्रत्येकाची उपयुक्तता खरी आहे, आणि गट बदलून, पानाच्या खालच्या बाजूला तोटी वळवून मारले तर आजही गुण येतो. पण अंड्यांवर न चालणारे औषध एकदाच मारून थांबले की आठवड्यात पुढची पिढी उभी. दुकानदाराने मग दोन औषधे एकत्र करून द्यायची, आणि ढोबळी दर चार-आठ दिवसांनी तोडणीला असताना फवारणी व तोडणी यांतले अंतर कोणी पाळायचे, हा प्रश्न खाणाऱ्याच्या ताटात जातो.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. छप्पर डचांकडून आले, तर डचांनाही हाच कोळी छळत असणार. मग आम्हालाच दोष का? छळत होताच. युरोपच्या काचघरांत काकडीवर तो इतका माजला की औषधांनी हार खाल्ली. चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडवर एक शिकारी कोळी सापडला, फायटोसियुलस पर्सिमिलिस. १९६७ मध्ये यान कोपर्ट या डच काकडी उत्पादकाने तोच विकायला सुरुवात केली. म्हणजे तळेगावला पहिली छपरे उभी राहिली तेव्हा डच भाजीघरांत कोळ्याने कोळी मारण्याला पाव शतक होऊन गेले होते. आपण लोखंडी सांगाडा घेतला, ठिबक घेतले, वाण घेतले. शिकारी मागे राहिला. याला कारणे होती, हे मान्य केले पाहिजे. निर्यातीच्या गुलाबावर एकही जिवंत प्राणी चालत नसे, मग तो उपकारी का असेना. आणि पर्सिमिलिसला सौम्य, दमट हवा मानवते. एप्रिलच्या दुपारी पॉलिहाऊसमध्ये तो हरतो. पण ही सबब गुलाबाची आहे, ढोबळीची नव्हे. आणि ती परदेशी शिकाऱ्याची आहे, देशी नव्हे. निओसियुलस लॉन्जिस्पायनोसस हा आपल्याकडच्याच झाडांवर राहणारा शिकारी कोळी उष्णता बरी सोसतो, आणि बंगळूरच्या कृषी विद्यापीठासह देशात त्याचा अभ्यास झालेला आहे. तो शेतकऱ्यापर्यंत पोहोचला नाही, कारण जिवंत प्राणी थंड पेटीतून दोन-चार दिवसांत पोहोचवावा लागतो आणि आधीच्या फवारणीचा अंश उतरलेला असावा लागतो. बाटली मात्र फळीवर दोन वर्षे टिकते. ज्या पट्ट्यातून गाड्यांचे सुटे भाग तासाच्या हिशेबाने कारखान्यात पोहोचतात, तिथे ही वाहतूक अशक्य आहे असे म्हणवत नाही.

चाकणकडचे शेतकरी आणखी एक बोट दाखवतात: धूळ. तळेगाव-चाकण रस्त्यावरची अवजड वाहने, सतत चालू असलेली बांधकामे, आणि पडद्यांवर साचणारा थर. धुळीच्या पानावर कोळी वाढतो हे खरेच आहे, कारण शिकाऱ्यांना तिथे वावरणे आणि भक्ष्य शोधणे जड जाते. तरी धुळीला मुख्य आरोपी करता येत नाही. रस्त्यापासून दूर, डोंगराच्या कुशीतल्या मावळातल्या पॉलिहाऊसमध्येही कोळी आहे. आणि उघड्यावर धूळसुद्धा पहिल्या पावसात जाते, छपराखाली ती तशीच राहते.

छप्पर काढा, असे यातून कोणी म्हणू नये. उघड्यावर निर्यातीचा गुलाब होत नाही आणि या पट्ट्यात रंगीत ढोबळी बाजाराला हवी तशी निघत नाही. छपराने जे नेले ते माणसाने परत आणून देणे एवढेच उरते, आणि त्यातले काही आजही घडते: उन्हाळ्यात फॉगर चालवून हवा दमट ठेवणे, सकाळी पाने पाण्याने धुणे, खालची पाने वेळेवर काढणे, बाधित कोपऱ्यात मजुरांनी शेवटी जाणे. पण ज्याची किंमत सर्वांत कमी आणि गुण सर्वांत मोठा, ती गोष्ट मात्र सहसा होत नाही: पीक संपल्यावर छपराखालची सगळी हिरवळ, कडेच्या तणासकट, काढून घर काही आठवडे तापत ठेवणे. मे महिना यासाठी जणू राखून ठेवला आहे. ढोबळीचा जुना प्लॉट तेव्हा थकलेला असतो. अडचण वेगळीच निघते. मे-जूनमध्ये उघड्यावरची भाजी कमी होते, भाव चढतो, आणि कर्जाचा हप्ता सांगाड्यावर असतो, पिकावर नाही. मग जुनी झाडे आणखी दोन तोडण्यांसाठी उभी ठेवली जातात आणि शेजारच्या गादीवाफ्यावर नवी रोपे लागतात. अनुदानाच्या अटींत सांगाड्याच्या नळीची जाडी आणि कागदाचे मायक्रॉन बारकाईने लिहिलेले असतात. घर रिकामे ठेवण्याच्या त्या तीन-चार आठवड्यांचे पैसे मात्र अजून एकट्या शेतकऱ्याच्या खिशातून जातात.