अक्कलदाढ आणि दातांच्या तारा : कॅनडात काय अपेक्षावे?

अक्कलदाढ साधारणतः १७ ते २५ या वयात उगवते. ती हाडात अडकल्यास काढणे ही बहुधा एका बैठकीची शस्त्रक्रिया असते. तारांचा उपचार मात्र दीड-दोन वर्षे चालतो.

दाढ काढल्यावर सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते. खरी जपणूक हवी ती खाचेतील रक्ताच्या गुठळीची. ती निसटली की हाड उघडे पडते आणि ओसरू लागलेला ठणका कानापर्यंत चढतो. यालाच ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. त्यामुळे आरंभीचे काही दिवस स्ट्रॉ आणि धूम्रपान वर्ज्य, ताकभात उत्तम. गुंगीचे औषध घेतल्यास घरी नेण्यास सोबत लागते, हे एकट्या राहणाऱ्यांनी आधीच योजावे.

तारांचे दुखणे सौम्य, पण प्रत्येक वेळी घट्ट केल्यावर परतणारे. चिक्की, चकली दूरच ठेवावी. तारा निघाल्यावर रिटेनर टाळल्यास दात पुन्हा सरकतात. अक्कलदाढेमुळे पुढचे दात वाकडे होतात, या समजास मात्र पुरेसा आधार नाही. केवळ त्यासाठी निरोगी दाढ काढण्यास सांगितल्यास दुसरे मत घेणे रास्त.

प्रांतीय आरोग्य विमा रुग्णालयाबाहेरील दंतोपचारांचा खर्च सहसा उचलत नाही. २०२४ पासून लाभ देणारी केंद्र सरकारची दंतयोजना ९०,००० डॉलरहून कमी कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांसाठी आहे; नोकरीतून दंतविमा मिळणारे तीत बसत नाहीत. अशा विम्यात तारांसाठी बहुधा आयुष्यभराची स्वतंत्र मर्यादा असते. उपचारापूर्वी विमा कंपनीकडून देय रकमेचा लेखी अंदाज मागवावा.